तीन वाटांची इमारत

आमच्या तालुक्याच्या गावचं कोर्ट म्हणजे कौलारू छपराची, चारी बाजूंनी ओसरी असलेली एक बैठी इमारत. पुढ्यात चिंचेचं झाड, झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्याचं टेबल. आजोबांनी घातलेला बांधाचा दावा वडिलांकडे वारशानं आला होता, आणि शाळेला सुट्टी असली की तारखेला वडील मला सोबत न्यायचे. पुकारा व्हायचा, वकील दोन वाक्यं बोलायचे, पुढची तारीख पडायची, आणि आम्ही स्टँडवर भजी खाऊन घरी यायचो. दाव्याचं पुढे काय झालं ते राहू द्या. मला त्या वयात दाव्यापेक्षा दारांची गंमत वाटायची.

त्या खोलीला तीन दारं होती. साहेब मागच्या दारानं यायचे. आधी पट्टेवाला डोकावायचा, सगळे उठायचे. आम्ही पक्षकार पुढच्या दारानं, ओसरीवरून. आणि आरोपी बाजूच्या दारानं, पोलिसाच्या हाताला बांधलेला. या तिघांची बाहेर कुठे गाठ पडू नये अशी ती रचना होती. गाठ पडायची ती त्या एकाच खोलीत, चार लोकांच्या देखत. पुढे बरीच कोर्टं पाहिली, आपली आणि परकी, दगडी आणि काचेची. कमानी वेगळ्या, कळस वेगळे, पण चांगल्या बांधलेल्या प्रत्येक कोर्टात हा तीन वाटांचा हिशोब सापडतो. न्यायालयाचं वास्तुशास्त्र म्हणून जे काही आहे, त्याचं मूळ मला इथे दिसतं. बाकीचा डामडौल नंतर चढवलेला.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण मुंबई हायकोर्ट. वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर हायकोर्टाचं नवं संकुल उभं राहणार आहे. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचं भूमिपूजनही झालं. हायकोर्ट फोर्टातून हलणार हे ठरल्यासारखं आहे. मग ओव्हल मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या काळ्या दगडाच्या त्या इमारतीचं काय करायचं? हा विषय निघाला की दहातले आठ जण एका दमात सांगतात, म्युझियम करा. बोलणाऱ्याला आपण वारशाबद्दल फार आपुलकीनं बोललो असं वाटतं. मला मात्र धास्ती वाटते. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हायकोर्टाचा मोठा कारभार खुशाल वांद्र्याला जाऊ द्या, पण फोर्टातल्या त्या इमारतीत रोज सकाळी पुकारा झाला पाहिजे. खटला चालला नाही तर ती इमारत शिल्लक राहील, कोर्ट शिल्लक राहणार नाही.

आधी इमारतीकडे नीट बघू. मुंबईचं हायकोर्ट स्थापन झालं १८६२ मध्ये, आणि पहिली सोळा वर्षं त्यानं अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या जागेत काढली. तोवर गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली गेली, मोकळ्या जागेवर सरकारी इमारतींची रांग उभी राहू लागली. सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खातं. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता आणि वारा तिकडून यायचा. हायकोर्टाचा आराखडा केला कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरनं. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी. सरकारी बांधकाम अंदाजपत्रकाच्या आत बसलं ही गोष्ट खरं तर कोनशिलेवर कोरायला हवी होती. १० जानेवारी १८७९ रोजी तिथे पहिलं कामकाज झालं.

शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उतरती छपरं, सुळके. पश्चिमेच्या दर्शनी बाजूला मधला उंच मनोरा, त्याच्या दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज, आणि वर न्याय व दया या दोन देवतांचे पुतळे. काळा बेसाल्ट आणि त्यावर पोरबंदरच्या फिक्या दगडाची कड. पावसाळ्यात ओव्हलवरून पाहिलं तर इमारत ओली होऊन आणखी काळी पडते आणि ती फिकी कड तेवढी उठून दिसते. एवढ्यावर बहुतेकांचं पाहणं संपतं, कारण बहुतेकांनी ती बाहेरूनच पाहिलेली असते.

आत गेलं की तोच तालुक्याचा हिशोब, फक्त अवाढव्य. न्यायमूर्तींची ये-जा पश्चिमेकडून, त्यांच्यासाठी जिना वेगळा. लोकांचा भव्य जिना पूर्वेला. तिकडे नेणारा खालचा मार्ग पोरबंदरच्या दगडाच्या कमानींनी छतलेला. त्या मार्गाच्या बरोबर वर, इमारतीच्या पोटात, फौजदारी खटल्यांसाठी बांधलेलं मधलं न्यायदालन. आज त्याला ४६ नंबरचं कोर्ट म्हणतात. दालनांच्या बाहेर लांबच लांब व्हरांडे. त्या व्हरांड्यात उभं राहिलं तर कामकाजाच्या दिवशी जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. काखेत ब्रीफांचे, म्हणजे खटल्याच्या कागदांचे, गठ्ठे घेतलेले कारकून, बोर्डावरचा, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतला, आयटम नंबर बघून पळणारे ज्युनिअर, खांबाला टेकून वकिलाची वाट बघणारी नाशिककडची एखादी म्हातारी, आणि मधूनच चांदीची काठी घेतलेला चोपदार पुढे, मागून न्यायमूर्ती, की सगळा व्हरांडा दोन्ही बाजूंना सरकतो. रुंदी किती ठेवायची हे फुलरनं या सरकण्यावरूनच ठरवलं असावं असं मला वाटतं. हा आपला माझा तर्क.

खांबांच्या माथ्यावर गवंड्यांनी केलेल्या खोड्याही आहेत. एका ठिकाणी माकड न्यायाधीश बसलंय, एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. एके ठिकाणी वकिलाचे बँड लावलेला कोल्हा. कंत्राटदाराशी भांडण झालं म्हणून कुणी सूड उगवला अशी दंतकथा सांगतात. खरंखोटं देव जाणे. मला त्या दंतकथेपेक्षा याचं जास्त अप्रूप वाटतं, की गेली दीडशे-एक वर्षं खरे न्यायाधीश आणि खरे वकील त्या माकडासमोरून आणि कोल्ह्यासमोरून जात आले. कुणी ते छिन्नीनं उडवलं नाही. चालत्या कोर्टात ते माकड टोमणा आहे. म्युझियममध्ये ते सेल्फीची जागा होईल.

आता या भिंतींच्या आत काय काय घडलं. लोक टिळकांचंच नाव आधी घेतात, पण मी रखमाबाईंपासून सुरुवात करीन. बालपणी झालेलं लग्न, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला नकार, आणि नवरा दादाजी भिकाजी यानं घातलेला दावा. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. दोन वर्षांनी तेच या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. आणि पुण्याहून रखमाबाईंवर टीकेची झोड उठवणाऱ्यांत टिळक होते. त्याच टिळकांना याच इमारतीत दोनदा आरोपी म्हणून उभं राहावं लागलं, १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये. एकाच छपराखाली कोण कुठल्या बाजूला उभं राहील, सांगता येत नाही.

१९०८ चा राजद्रोहाचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्युरी, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल, २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा. शिक्षा सुनावण्याआधी टिळकांनी सांगितलं होतं की ज्युरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि या न्यायालयाच्या वरही एक सत्ता आहे. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९५६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती छगला असताना, ते शब्द संगमरवरावर कोरून त्याच ४६ नंबरच्या दालनाबाहेर लावले गेले.

त्या पाटीचा नीट विचार करा. एका न्यायालयानं आपल्याच दारावर लिहून ठेवलंय की या खोलीत आम्ही चुकलो होतो. रोज सरकारी वकील त्या पाटीवरून पुढे जातो आणि आत जाऊन कुणाला तरी शिक्षा कायम करा म्हणून युक्तिवाद करतो. आरोपीचा भाऊ किंवा बायको त्या पाटीखाली उभी असते. तिथे ती पाटी जिवंत आहे, कारण आत अजूनही चूक होऊ शकते. आतलं कामकाज बंद झालं की पाटी इतिहासाची होते आणि वाचणारा म्हणतो, इंग्रज किती वाईट होते. त्यात आपल्याला बोचण्यासारखं काहीच उरत नाही.

बरं, म्युझियम नाहीच असंही नाही. हायकोर्टाचं स्वतःचं संग्रहालय त्याच इमारतीत तळमजल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालं. जुनी कागदपत्रं, बॅरिस्टरांच्या नोंदणीचे अर्ज, फर्निचर, सगळं तिथे मांडलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी हेरिटेज वॉकही झाले आहेत. म्हणजे संग्रहालय आणि कोर्ट एका छपराखाली नांदू शकतात हे आपण करूनच दाखवलंय. मग सबंध इमारतच काचेच्या कपाटात ठेवायची घाई कशासाठी?

इथे मला पिट्सबर्ग आठवतं. लेक तिकडे नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, तुमच्या इथलं काउंटी कोर्ट बघायचंय. ती म्हणाली, "बाबा, इथे येऊनही कोर्ट? आजोबांची तारीख राहिलीय का एखादी?" काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, अमेरिकेत प्रत्येक काउंटीच्या मुख्य गावी एक कोर्ट असतं, आणि गावातली सगळ्यात देखणी इमारत बहुधा तीच असते. ॲलेघेनी काउंटीचं आधीचं कोर्ट १८८२ मध्ये जळालं. नव्यासाठी हेन्री हॉब्सन रिचर्डसनचा आराखडा निवडला गेला. हा माणूस जाड्याभरड्या दगडाचा आणि अर्धगोल कमानींचा. काम चालू असतानाच १८८६ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. तुरुंग त्याच वर्षी पुरा झाला, कोर्ट १८८८ मध्ये त्याच्या वारसदार कचेरीनं पुरं केलं.

गुलाबी ग्रॅनाइटची ती इमारत चारी बाजूंनी चिरेबंदी आणि मधे मोकळा चौक, आपल्या वाड्यासारखा. चौक शोभेसाठी ठेवलेला नाही. पोलादाच्या कारखान्यांचं ते गाव, रस्त्यावर धूर आणि काजळी, म्हणून न्यायदालनांना उजेड आणि हवा आतल्या चौकातून मिळावी असा हिशोब. पुढचा उंच मनोराही नुसता दिमाखासाठी बांधलेला नाही. काजळीच्या थराच्या वरून हवा ओढून खाली दालनांत सोडायची, त्यासाठी तो वापरला. आणि मग तीन वाटा. रस्त्यापलीकडे रिचर्डसननंच बांधलेला तुरुंग, आणि तुरुंगातून कोर्टात आरोपीला आणायला रस्त्यावरून जाणारा बंदिस्त दगडी पूल. व्हेनिसच्या पुलावरून त्यालाही लोक उसाशांचा पूल म्हणतात. आरोपी गर्दीतून न जाता थेट न्यायदालनाच्या पातळीवर पोचणार. आमच्या तालुक्याच्या कोर्टातलं ते बाजूचं दार, तेच इथे दगडात आणि अधांतरी.

या इमारतीचे हाल काही कमी झाले नाहीत. १९१३ च्या सुमारास शहरानं समोरच्या ग्रँट स्ट्रीटचा चढ कापून रस्ता खाली नेला, आणि कोर्टाचं महाद्वार एक मजला वर लटकत राहिलं. तळघराची दारं मग मुख्य दारं झाली. आजही पुढून बघताना काहीतरी बेतशीर नाही असं वाटत राहतं, ते यामुळे. आतल्या उंच दालनांत खोटी छतं घातली गेली, दालनांचे तुकडे पाडले गेले. तुरुंग पाडून टाकायचे बेतही झाले. पण कोर्ट चालू राहिलं. नंतर एक न्यायदालन, ३२१ नंबरचं, मूळ रूपात परत आणलं, आणि त्यात कामकाज ठेवलं. १९९५ मध्ये कैदी नव्या तुरुंगात गेले. रिकाम्या जुन्या तुरुंगाचं काय करायचं हा प्रश्न आला. बाहेरच्या भिंतीला हात न लावता आत २००० साली कौटुंबिक न्यायालय आणलं. कोठड्यांचा एक तुकडा तेवढा म्युझियम म्हणून राखला. मी गेलो त्या दिवशी चौकातल्या कारंज्याजवळ एक बाई मांडीवर पोराला घेऊन डब्यातलं सँडविच खात बसली होती, शेजारी फाइल. लेक म्हणाली, कस्टडीची केस असेल. तो चौक मला तेव्हा कळला. नुसती रिकामी वास्तू दाखवून कुणी तो मला समजावू शकलं नसतं.

याचा अर्थ तिकडचं सगळं छान असा नाही. खोटी छतं मी पाहिली, ती भयाण आहेत. पण त्या काउंटीनं एक गोष्ट धरून ठेवली, की गरज बदलली तर खोल्या बदलू, काम बदलणार नाही.

आता दूर कशाला, कोल्हापूर घ्या. तिथलं जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात नव्या इमारतीत गेलं, आणि सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी कोर्टाची इमारत मागे राहिली. तिचं काय होणार याची मला शाश्वती नव्हती. पण चाळीसेक वर्षांच्या आंदोलनानंतर सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, मिळालं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून ते बसलं त्याच जुन्या इमारतीत. घाईघाईनं डागडुजी झाली, फर्निचर आलं, आणि पुकारा सुरू झाला. इमारत जुनी म्हणून काम अडलं नाही. उलट जुनी कोर्टाची इमारत हाताशी होती म्हणूनच बेंच इतक्या झटपट सुरू होऊ शकलं. तिथे आधीच कुणी चित्रांची गॅलरी केली असती तर? नागपुरात सिव्हिल लाइन्समधली जुन्या हायकोर्टाची इमारत पुरातत्त्व खात्याच्या कचेरीला गेली. इमारत सांभाळली गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथून जाताना आत कधी काय चालायचं हे मनात येत नाही.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही आणि मला ती हलकी करून दाखवायचीही नाही. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्तींची मंजूर पदं ९४ आहेत. (मुंबईच्या ज्या गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यातही ९४ इमारती आहेत. योगायोग, दुसरं काही नाही.) फुलरनं ही गर्दी स्वप्नातही पाहिली नसेल. वकिलांना बसायला जागा नाही, पक्षकारांना तर नाहीच. महिला वकिलांची संख्या वाढली, त्यांच्यासाठीच्या सोयी त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी गॉथिक जिना हा शत्रू आहे. कागदपत्रांचे ढीग, जुन्या लाकडाला आगीची भीती, दगडी भिंतींवरून ओढलेल्या वायरी. बार असोसिएशनांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि वांद्र्याची ३०.१६ एकर जागा टप्प्याटप्प्यानं द्यायला सरकारला भाग पाडलं, ते योग्यच झालं. फक्त त्या प्रकरणाच्या नावात 'हेरिटेज बिल्डिंग' हे शब्द आधी येतात आणि जादा जमीन नंतर. चर्चा मात्र जवळजवळ सगळी जमिनीचीच झाली.

वकील मित्रांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो जास्त खरा आहे. ते म्हणतात, "एक बेंच वांद्र्याला आणि एक फोर्टला ठेवलं तर मी अकरा वाजता दोन्हीकडे उभा कसा राहू? बोर्ड आमचं कोण बघणार, तुम्ही?" बरोबर आहे. रोजच्या ॲडमिशनचं (प्रकरण ऐकायला घ्यायचं की नाही ते ठरवणं), मेन्शनिंगचं (तातडीची विनंती तोंडी मांडणं), तीस-चाळीस आयटमांचं बोर्ड दोन ठिकाणी वाटता येणार नाही. पण हायकोर्टात असं काम असतंच की जे दिवसभर, कधी आठवडाभर एकाच जागी चालतं. फाशी कायम करण्याची प्रकरणं, मोठी फौजदारी अपिलं, पूर्णपीठापुढचे प्रश्न, लांब चालणारे दावे आणि त्यातले साक्षीपुरावे. वकील त्या दिवशी दुसरं काही घेतच नाही. असली तीन-चार दालनं फोर्टात ठेवता येतील. आणि ये-जा म्हणाल तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो तीन कफ परेडपर्यंत धावते; हुतात्मा चौक आणि बीकेसी एकाच मार्गावर आहेत.

आणि समजा हायकोर्टाला तेही नको असलं, तरी दुसरा मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. शहर दिवाणी आणि सत्र न्यायालय विद्यापीठापलीकडच्या जुन्या सचिवालयात बसतं. ती इमारत मुळात कोर्टासाठी बांधलेली नव्हती. राज्यकारभार दुसरीकडे हलला आणि जागा कोर्टांना मिळाली. तिथे तीन वाटांचा हिशोब मूळ बांधणीत नाही, तो नंतर कसाबसा बसवावा लागतो. आरोपी, साक्षीदार आणि फिर्यादी एकाच व्हरांड्यात एकमेकांसमोर उभे राहणं म्हणजे काय, हे सत्र न्यायालयात साक्ष द्यायला गेलेल्या कुणालाही विचारा. आणि चार पावलांवर, खास या कामासाठी वेगळे जिने आणि वेगळी दारं करून बांधलेली इमारत रिकामी होणार. खून-दरोड्याचे खटले चालवण्यासाठी केलेलं ४६ नंबरचं दालन सत्र न्यायाधीशाला द्यायला हरकत काय? प्रतिष्ठेचा प्रश्न येईल, हायकोर्टाच्या खुर्चीत खालचं कोर्ट कसं बसवायचं वगैरे. तो प्रश्न माणसांचा आहे. दालनाला विचारलं तर ते हो म्हणेल.

शिवाय एक गोष्ट तिकिटाची. कोर्ट चालू असताना आत जायला पास काढावा लागतो, तपासणी होते, पण पैसे द्यावे लागत नाहीत. कुणीही नागरिक मागच्या बाकावर बसून ऐकू शकतो. उघड्या न्यायालयात न्याय व्हावा हे तत्त्व आपल्याकडे ज्या निवाड्यात ठासून सांगितलं गेलं, तो १९६६ चा मिरजकर खटला याच इमारतीतल्या एका बदनामीच्या दाव्यातून वर गेला होता. एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असं न्यायमूर्ती तारकुंडे यांनी सांगितलं, पत्रकार भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे ते हरले खरे, पण खुलं कामकाज हा नियम आणि बंद हा अपवाद, हे त्याच निकालात लिहिलं गेलं. म्युझियम झालं की त्याच बाकावर बसायला तिकीट लागेल, आणि समोर ऐकायला काही नसेल. कानाला लावायचं यंत्र मिळेल फार तर, तीन भाषांत.

तीन वाटांचंही तेच होईल. पर्यटकाला न्यायमूर्तींच्या जिन्यानं वर नेतील, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून फोटो काढतील, लोकांच्या जिन्यानं खाली सोडतील. सगळ्यांना सगळ्या वाटा खुल्या. ऐकायला हे छान लोकशाहीचं वाटतं. पण त्या वाटा वेगळ्या होत्या म्हणून तर एका खोलीत त्यांचं एकत्र येणं भारी होतं.

माझी मागणी फार मोठी नाही. वांद्र्याचं संकुल पुरं व्हायच्या आत, म्हणजे आत्ताच, फोर्टाच्या इमारतीत पुढे कुठलं न्यायालयीन काम राहील याचा निर्णय लेखी व्हावा. तो हायकोर्टानं आणि सरकारनं मिळून करावा, आणि त्यासाठी किती दालनं, किती कर्मचारी, कुठे लिफ्ट, कुठे रॅम्प याचा आराखडा वारसा जपणाऱ्या वास्तुतज्ज्ञांना हाताशी धरून तयार व्हावा. रिकामी झाल्यावर बघू, असं म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आधी कुलूप लागतं, मग कबुतरं येतात, मग समिती.

मागच्या वर्षी एका कामकाजाच्या दिवशी मी पास काढून वर गेलो होतो. ४६ नंबरच्या बाहेर पाटीजवळ एक ज्युनिअर मुलगी उभी होती, नवी सनद असावी. एका हातात ब्रीफ, दुसऱ्या हातानं गळ्याचे बँड सारखे करत होती आणि तोंडानं पुटपुटत काहीतरी घोकत होती. मी पाटी वाचत होतो आणि ती माझ्या वाटेत होती. "सॉरी हां काका," म्हणून ती बाजूला सरकली. तेवढ्यात आतून तिचा आयटम पुकारला, आणि ती पाटीकडे न बघताच दार ढकलून आत गेली.